पायाखाली धरलेलं दावं

आमच्या घरात मी एकुलती एक, त्यामुळे 'मोठा' आणि 'धाकटा' ही नावं बैलांच्या वाट्याला आली. अप्पा, म्हणजे माझे वडील, गोठ्यातून ओरडायचे, "मोठ्या, सरक रे तिकडे!" तेव्हा ओटीवर बसलेल्या पाहुण्याला वाटायचं, घरात दोन मुलगे आहेत. आई म्हणायची, "आहेतच. आणि हिच्यापेक्षा जास्त ऐकतात." मी शाळेत शिकवते, पन्नाशीला आलेय, आणि आईचं ते बोलणं अजून लागतं, कारण खोटं नव्हतं.

नागावच्या अलीकडे आमची वाडी. नारळ, सुपारी, थोडे चिकू, आणि रस्त्यापलीकडे भाताचा एवढासा तुकडा. शेजारीपाजारी सगळ्यांनी पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या. आमच्याकडे खोल्यांच्या जागी गोठा राहिला, कारण अप्पांचं म्हणणं, "पाहुणे रविवारी जातात, बैल सोमवारीपण असतो."

गेल्या भाद्रपदात धाकट्याला पान लागलं. साप चावला असं आमच्याकडे म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. कुंपणाशी गवतात फुरसं होतं. डॉक्टर येईपर्यंत खेळ आटोपला होता. वाडीच्या कडेला खड्डा खणून त्याला पुरलं, वर अप्पांनी नारळाचं रोप लावलं, आणि त्या दिवसापासून मोठ्यानं खाणं टाकलं.

अगदीच टाकलं असं नाही. काडी उचलायचा, चघळायचा, गाळायचा. सगळा गोठा रिकामा, तरी हा आपला उजव्या अंगाला भिंतीशी चिकटून उभा, डावीकडची जागा सोडून. जन्मभर तो उजवीकडे जुंपलेला, धाकटा डावीकडे. पाणी प्यायला नेलं की पिऊन झाल्यावर मान डावीकडे वळवून थांबायचा. कितीही ओढा, हलायचा नाही. दुसऱ्याचं पिऊन व्हायला हवं ना! मला ते बघवत नसे. मी सरळ घरात निघून यायची आणि भांडी आपटायची.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "ताप नाही, पोट ठीक आहे. याला जोडी आणा, नाहीतर काही खरं नाही."

आणि बैल खाईना म्हणून अप्पा खाईनात. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. ताटावर बसायचे, भात चाळवायचे, आणि विचारायचे, "तो जेवला का?" अहो, बैल काय जेवतो! पण मी निमूट सांगायची, "खाल्लं थोडं." त्यांना कळायचं मी खोटं बोलतेय. ताट सरकवून उठायचे. आई गेली त्या वर्षीही हेच झालं होतं. तेव्हा ते जेवायला लागले ते या दोघांपायी, त्यांना वैरण घालता घालता. आता वैरण घातली तरी खाणारं कुणी नव्हतं. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस, सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबायला लागला. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता माझा हात थांबायचा. आधी कोण जाणार, बैल की अप्पा, असलं अभद्र डोक्यात यायचं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते माझ्यासाठीच.

मार्गशीर्षात अप्पांनी जाहीर केलं, "जत्रेला जायचं. जोडी आणायची."

खाडीपलीकडे डोंगराच्या पायथ्याशी महादेवाचं गाव आहे. एरवी तिथे माणसं अभिषेकाला येतात, कुंडात पाय बुडवतात, पेढे घेऊन परततात. मार्गशीर्षात मात्र देवळाखालच्या माळावर गुरांची जत्रा भरते.

"मोठ्याला घेऊन जायचं?" मी विचारलं.

"मग काय, फोटो दाखवून जमवू जोडी? शेजारी उभा करून बघावा लागतो."

झालं. माझ्या काळजीच्या गिरणीला दळण मिळालं. टेम्पोत अशक्त बैल पडला तर? हल्ली गुरं टेम्पोत दिसली की कुणीही अडवून जाब विचारतं, तसं कुणी अडवलं तर? अप्पांना उन्हात चक्कर आली तर? आणि समजा सगळं नीट होऊन नवा बैल मिळालाच, तर या वयात दोन बैल सांभाळणार कोण? हा शेवटचा प्रश्न मी तोंडातून काढला नाही. डॉक्टरांचा दाखला पर्समध्ये घातला, डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाची उसळ भरली, आणि रविवारी उजाडताच गावातल्या टेम्पोवाल्याला बोलावलं.

बाहेर येऊन बघते तर अप्पांनी मोठ्याला नवरदेव करून ठेवलेला. शिंगांना हिंगूळ, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर आईनं आरसे लावून शिवलेली झूल. बरगड्या झुलीखाली झाकल्या होत्या तेवढं बरं.

"अहो, आपण विकत घ्यायला चाललोय. याला कशाला नटवलंत?"

"जत्रेला काय उघडाबोडका नेऊ? देवाच्या दारात जायचंय."

त्यांच्या पिशवीत एक नवं दावंही होतं. नव्या बैलाच्या गळ्यात बांधायला त्यांनी स्वतः वळलेला काथ्याचा दोर. काथ्या मानेला टोचतो म्हणून गळ्यात येणाऱ्या भागावर मऊ चिंधी गुंडाळली होती. मी बघितलं, आईच्या पोपटी पातळाचा काठ.

"आईचं पातळ फाडलंत?"

"मऊ होतं," एवढंच म्हणाले आणि टेम्पोत पुढे जाऊन बसले.

वाटेत कुणी अडवलं नाही. तरी मी दर वळणाला मागच्या जाळीतून बघत होते, आणि टेम्पोवाला म्हणत होता, "ताई, तो उभा आहे. तुम्ही खाली बसा, तुम्हीच पडाल."

माळावर पोचलो. जिकडे बघावं तिकडे शिंगं. लाल, निळी, सोनेरी शिंगं, शिंगांच्या टोकांना पितळी शेंब्या आणि लोकरीचे गोंडे, हिरव्या-जांभळ्या झुली. एका अंगाला दोरखंड, जू, घुंगरं विकणारे, दुसरीकडे सुकटीचे ढीग, खाजा, शेव, पाळणे. वरून देवळाची घंटा आणि खालून हंबरणं. बायका पूजेची तबकं डोक्याच्या वर धरून गुरांमधून वाट काढत होत्या. गुलाल एवढा उधळलेला, की म्हशीसुद्धा गुलाबी दिसत होत्या. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी खूश होऊन फिरले असते. त्या दिवशी माझं लक्ष फक्त दोघांच्या पायांवर होतं, बैलाच्या आणि अप्पांच्या. चारही... म्हणजे सहाही पाय लटपटत होते.

एका आंब्याखाली जागा मिळाली. अप्पांनी दावं माझ्या हातात दिलं. "मी देवाला जाऊन येतो, आणि येता येता माळ फिरून डाव्या अंगाचे बैल बघतो. तू हलू नको. आणि एक ध्यानात ठेव, बाय. हे दावं दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नाही. क्षणभरसुद्धा नाही."

"का?"

"जत्रेत दावं दुसऱ्याच्या हातात गेलं म्हणजे बैल गेला. मग देवसुद्धा परत आणू शकत नाही."

हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं, आणि नेमकं आता कळलं! दोराचे दोन वेढे मनगटाला घेतले. अप्पा गर्दीत दिसेनासे झाले आणि माझा जीव टांगणीला लागला.

नटवल्याचं फळ लगेच मिळालं. सजवून आणलेला बैल म्हणजे विकाऊ, हा जत्रेतला साधा हिशेब. जो येई तो मोठ्याच्या पाठीवर थाप मारी, जबडा उघडून दात बघी, शेपटी पिरगाळी. पनवेलकडचे दोघं आले, गळ्यात जाड साखळ्या, डोळ्यांवर काळे गॉगल. शर्यतीचे शौकीन. "मॅडम, फायनल बोला ना. पळतो का?"

"पळत नाही. विकायचा नाही."

"मग आणला कशाला, फिरायला?"

"हो, हवापालटाला!" मी खेकसले. ते हसत गेले. एक दलाल मात्र चिवट. उपरणं झटकत परत परत यायचा, "ताई, दावं इकडे द्या, चालवून दाखवतो." मी दावं छातीशी धरून उभी. मला बघून कुणाला वाटलं असतं, बाईनं मंगळसूत्र धरलंय.

आणि मोठ्यानं मान वर केली.

कान टवकारले. भाद्रपदापासून त्याचे कान मी ताठ झालेले बघितले नव्हते. मग चालायला लागला. मी ओढलं, पाय रोवले, "अरे थांब, थांब रे मेल्या!" पण अशक्त म्हटला तरी बैल तो. मनगटाचे वेढे सुटले, तळहात सोलवटत दोर निसटला, आणि मोठा गर्दीत घुसला. मागून दावं फरफटत चाललेलं. कुणीही उचलावं! "दावं धरू नका हो! कुणी दावं धरू नका!" ओरडत मी धावले. माणसं माझ्याकडे वेड्यासारखी बघत होती. बैल सुटला म्हणून सगळं जग "धरा, धरा" म्हणतं, आणि ही बया सांगतेय धरू नका.

तो थांबला तो एका पांढऱ्या बैलाजवळ. नट नाही, थट नाही, साधा खांदे मळलेला बैल, एकटा. मोठा त्याच्या उजव्या बाजूला जाऊन अंगाला अंग लावून उभा राहिला. तिथे एक बाई होती. साठीची, काळीसावळी, लुगड्याचा काष्टा, डोक्याला पदर गुंडाळलेला. तिनं खाली वाकून दावं उचललं नव्हतं. त्याच्यावर पाय देऊन उभी होती. पाठोपाठ दलाल पोचलाच होता. "उचल की म्हातारे, हाती आलंय!"

"चल हो बाजूला," ती त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बाय, तुजं हाय का? मी हात न्हाय लावला. पायानं धरलंय फकस्त. ये, उचल तुजं तू."

मी दावं उचललं आणि तिथेच खाली बसले. तिनं पाय मागे घेतला, जिथे दावं होतं तिथल्या मातीला बोटं लावून कपाळाला लावली. दाव्याला पाय लागला होता ना.

"मावशी, तुमचे उपकार कसे..."

"उपकार ऱ्हाऊं दे. त्याच्याकडं बघ."

मोठा खात होता. तिच्या बैलापुढे टाकलेला भारा दोघं मिळून ओढत होते. काडी गाळत नव्हता. घास घेत होता, चावताना जबडा हलत होता, आणि घुंगरमाळ प्रत्येक घासाला वाजत होती. मला रडू फुटलं. लाज वाटण्याइतकंही भान नव्हतं.

मावशी रेवसकडची, खारबंधाऱ्याच्या आतल्या गावातली. धनी गेल्यापासून शेत तीच करते. जोडीतला तिचा उजव्या अंगाचा बैल पावसाळ्यात खाडीच्या चिखलात रुतून गेला. "आमच्या शेतात ट्रॅक्टर घातला का रुतला. बैलाबिगर न्हाय व्हत. वालाचा पेरा खोळंबलाय. जोडीदार घ्याया आलेय मी." म्हणजे तीही घ्यायला आलेली, आम्हीही घ्यायला आलेले. मोठ्याला जे हवं होतं ते सापडलं होतं, आणि ते विकाऊ नव्हतं.

अप्पा शोधत आले. आधी त्यांनी माझ्या हातात दावं आहे ना ते बघितलं. मी सगळं सांगितलं, पायाखालचंही. त्यांनी मावशीच्या पायांकडे एकदा बघितलं, मग मोठ्याच्या जबड्याकडे बघत उभे राहिले. नंतर मोठ्याचं दावं त्यांनी धरलं, दुसऱ्याचं मावशीनं, आणि दोघा बैलांना शेजारी शेजारी आंब्यापर्यंत चालवून आणलं. पावलाला पाऊल. मोठा वळताना थांबला, मान डावीकडे केली, आणि दुसरा आल्यावरच पुढे निघाला.

"बोलणी करू," अप्पा म्हणाले.

आमच्याकडच्या जत्रेत भाव तोंडानं सांगत नाहीत. उपरण्याखाली हात घालून बोटांनी सांगतात, म्हणजे आजूबाजूच्यांना कळू नये. पण परक्या बाईच्या हातात अप्पा हात कसा घालणार? त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या हातावर टाकलं. "तू बस."

"मी? मला काय कळतंय त्यातलं!"

"मी कानात सांगतो तेवढी बोटं धर. कबूल नसेल तर मूठ मीट. बी.एड. झालीस, एवढं जमेल."

मी सोलवटलेला हात उपरण्याखाली घातला. मावशीचा हात लागला. खरखरीत, नांगराच्या मुठीनं घट्टे पडलेला, आणि थरथरणारा. वर चेहरा तर असा, की जशी रोज दहा बैल विकते! घाबरलेली मी एकटीच नव्हते तर. मला एकदम तिच्याबद्दल माया वाटली आणि त्याच वेळी भीतीही, कारण दोघींना हवं ते दोघींना मिळणार नव्हतं. अप्पांनी कानात सांगितली तेवढी तिची बोटं मी धरली. तिनं मूठ मिटली. मग तिनं माझी बोटं धरली. तिला मोठा हवा होता. "मूठ मीट," अप्पा म्हणाले. मिटली. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

शेवटी तिनं हात काढून घेतला. "मंग ऱ्हाऊं दे, बाबा. तुमी द्यायचं न्हाय, मी द्यायचं न्हाय." भारा बांधला, आपला बैल सोडला आणि निघाली.

मोठा हंबरला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. तोंडातली काडी खाली पडली, आणि तो पुन्हा तसाच झाला, डावी बाजू मोकळी ठेवून उभा.

आंब्याखाली मी डबा उघडला. अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला.

"बाय, माझ्यामागं याचं कोण करील?"

"मी करीन," मी फटकन म्हणाले.

त्यांनी माझ्या तळहाताकडे बघितलं आणि हसले. "तुला दावं धरता येत नाही."

"शिकेन."

"शिकशील. पण तोवर हा राहील का? आणि दुसरा आणून तरी याला काम काय देणार आपण? एवढासा तुकडा. बसून खायची सवय नाही त्याला." भाकरी परत डब्यात ठेवली. "त्या बाईकडे काम आहे. आणि बाई कशी आहे ते बघितलंस ना? हाती आलेलं दावं तिनं उचललं नाही. दलाल सांगत होता तरी नाही. जा, हाक मार तिला."

"अप्पा, नीट विचार करा. नंतर बैल गेला आणि झोपा केला असं नको व्हायला."

"विचार काय करायचाय? तो विचार करून मोकळा झालाय. जा, लवकर जा. ती गेली तर?"

ती गेली तर! हे मला सुचायला हवं होतं. उठून धावले. सगळी जत्रा पांढऱ्या बैलांनी भरली होती. इकडे बघते तर नाही, दोरवाल्यांकडे नाही, टेम्पोंच्या रांगेत नाही. जिची वाट अडवत होते ती शिव्या देत होती. मगाशी दावं सुटलं तेव्हा मला वाटलं होतं याहून वाईट भीती नसेल. होती. सापडली नाही तर मोठा गेला, आणि अप्पाही. शेवटी देवळाच्या पायऱ्यांशी दिसली. पुजारी गुरांवर तीर्थ शिंपडत होता आणि ती बैलाच्या मानेवर हात ठेवून डोळे मिटून उभी होती.

"मावशी, चला. अप्पा बोलावतायत."

"आता कशाला?"

"मोठा द्यायचा म्हणतात."

ती बैल घेऊन माझ्याबरोबर आली. पुन्हा उपरणं, पुन्हा बोटं. या वेळी अप्पांनी कानात सांगितला तो इतका कमी आकडा ऐकून मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मावशीही चपापली. किती, ते सांगणार नाही. उपरण्याखालचं उपरण्याखालीच ठेवायचं असतं.

मग अप्पा उठले. विकणारा आपलं दावं देत नाही, घरची लक्ष्मी त्याच्याबरोबर जाते म्हणतात. घेणाऱ्यानं आपलं आणायचं. मावशीनं कमरेचं दावं काढलं, पण अप्पांनी हातानं नको म्हटलं. पिशवीतून नवं दावं काढलं, धाकट्याच्या जागी येणाऱ्यासाठी वळलेलं, आणि मोठ्याच्या गळ्यात बांधलं. पोपटी काठ त्याच्या मानेवर आला. गाठ दोनदा ओढून बघितली, मग जुनं दावं सोडवलं.

"झूल, घुंगरमाळ राहू दे त्याच्या अंगावर," अप्पा म्हणाले. "त्याला वैरण उजव्या हातानं घाला. डाव्या हाताची खात नाही."

"व्हय, बाबा."

"आणि हिचा नंबर घ्या, घरी पोचलात की फोन करा."

त्यांनी नवं दावं तिच्या हातात दिलं. तिनं या वेळी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाळाला लावलं. मोठा तिच्या बैलाच्या उजव्या बाजूला चालत गेला. त्यानं मागे वळून बघितलं नाही. अप्पांनी बघितलं का ते बघायचं धैर्य मला झालं नाही.

परतीच्या वाटेला मागे जाळीतून बघायला काही नव्हतं, तरी मान वळत होती. अप्पा जुनं दावं मांडीवर घेऊन बसले होते. टेम्पोवाल्यानं नाक्यावर थांबून चहा विचारला, नको म्हणाले. वडापाव विचारला, नको. मी मनात हिशेब मांडत होते. परका गोठा, परकी माणसं, खारट पाणी. जत्रेत चार घास खाल्ले, पण तिथे जाऊन पुन्हा टाकलं तर? मग तर काहीच उरणार नाही, ना बैल, ना गोठा, ना हा माणूस. आपण थांबवायला हवं होतं. नाही, कसं थांबवणार? असं नागावपर्यंत चाललं.

घरी आल्यावर त्यांनी दावं गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं आणि ओटीवर येऊन बसले. मी भात टाकला. त्यांच्या आवडीची सुक्या जवळ्याची चटणी केली, उगीचच. दिवेलागण झाली. फोन माझ्यासमोर चुलीच्या कट्ट्यावर, आणि तो वाजेना. वाजला तेव्हा हातातला डाव खाली पडला.

"बाय, मी मावशी." मागे घुंगरं वाजत होती. "पोचलो. बाबाला सांग, आल्या आल्या पाणी प्यायला. मंग थांबला आमच्या बैलासाठी. आणि दोगांनी मिळून अख्खा भारा संपवलान. उजव्या हातानंच घातला गं मी."

मी फोन तसाच अप्पांच्या कानाला लावला. तिनं पुन्हा सगळं सांगितलं असावं. ते नुसते "हं, हं" करत होते. फोनमधून घुंगरांचा आवाज मलाही ऐकू येत होता. घास घेताना वाजत होती तशीच ती वाजत होती.

त्यांनी फोन माझ्या हातात दिला, उपरण्यानं तोंड पुसलं आणि आत येऊन पाटावर बसले.

"बाय," म्हणाले, "वाढ."